मधली रेघ आखूड

लातूर, ९ जानेवारी २०२५

चि. अंबिकास,

आशीर्वाद द्यायचा का न्हाई ह्याचा विचार करतच लिहायला बसलो. घे, दिला.

अडीच साल झाले तुला घर सोडून. अव्वाला महिन्यातून एकदा फोन करतेस, ती आडोशाला जाऊन लेकीशी बोलते, मला दिसत न्हाई असं समजू नको. माझ्या नावानं मात्र एक पोस्टकार्ड न्हाई. आन् परवा पाकीट आलं. अक्षर तुझं बघून मला वाटलं, पोरगी सुधरली. फोडलं तर आत एका पोत्याचा फोटो आन् खाली एक ओळ: 'अप्पा, ही तुमचीच बोटं आहेत का?' ना खुशाली, ना शरणार्थ म्हणून नमस्कार. उदगीरचे पाहुणे साखरपुड्याला यायच्या आदल्या दिवशी मला मान खाली घालायला लावून गेलीस, आन् आता हिमालयात बसून माझी बोटं तपासून राहिलीस.

फोटोच्या मागं बारीक अक्षरात जे लिहिलंस ते दोनदा वाचलं. तू नोकरी करतेस त्या राष्ट्रीय उद्यानात बर्फाच्या अलीकडच्या झाडीत तारेचे फास सापडले. मग ज्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या घरी तू जेवतेस, त्याच्या वाड्यात मेंढरांच्या चाऱ्याखाली हे पोतं सापडलं. पोत्यात चोरून उपटलेली कुटकी, तारेची भेंडोळी आन् कस्तुरीची एक गाठ. म्हाताऱ्याला धरून नेलं. तू म्हणतेस, त्यानं काही केलं न्हाई, कुणीतरी पोतं तिथं लपवून पळालं. असेल बाई. पण मी इथं लातूरला गादीवर बसलेला माणूस, माझा त्याच्याशी काय संबंध?

पोत्यावर विभूतीचे तीन पट्टे दिसले की लगेच महादेवप्पा? विभूती लावणारी दुकानं लातुरात काय एकदोन हायेत? आपली रीत तुला ठाऊक हाय. रिकामं पोतं आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातून तसंच बाहेर जात न्हाई. तुझ्या आजोबापासून चालत आलंय. विभूती डिंकाच्या पाण्यात कालवायची, पोत्यावर तीन बोटं ओढायची, आत पुढच्या मालाची चिठ्ठी टाकायची आन् बारदाना अडत्याला परत. कुटकी, जटामांसी, अतिविष, हा सगळा पहाडातला माल आपल्याला नांदेडचा अंगद देतो. पोतं त्याच्याकडं गेलं की माझा जिम्मा संपला. पुढं ते कुणाच्या पाठीवर चढतं आन् कुठल्या डोंगरात जातं, हे मी कामून बघत बसू?

आन् कस्तुरीचं म्हणशील तर तिच्यात पाप कुठं आलं? लहानपणी तुला मांडीवर घेऊन सांगितल्तं मी. नर हरण वयात आलं की बेंबीजवळची गाठ पिकते, त्याला खाज सुटते, ते दगडावर अंग घासतं, गाठ गळून पडते आन् पहाडातली माणसं वेचून आणतात. मोराचं पीस पडतं तसंच. जीव जात असता तर ज्या घरात आजवर अंड्याचं टरफल आलं न्हाई, तिथं कस्तुरी आली असती का?

तुझ्या साहेब लोकांपुढं पोत्याबद्दल काही बोलू नको. तुला त्या म्हाताऱ्याची दया येते, येऊ दे. पण आजोबाच्या हातचं दुकान हाय, सगळा बाजार आपल्या नावानं माल घेतो. झाकली मूठ तशीच राहू दे. थंडीचं जपून राहा. सुंठ पाठवू का?

तुझा अप्पा

लातूर, २७ जानेवारी २०२५

चि. अंबिकास,

असं पाकीट बापाला पाठवत असतेत का?

मी दुकानातच फोडलं. समोर गिऱ्हाईक उभं. पहिला फोटो बघितला आन् मला आधी कळलंच न्हाई हे काय हाय. शेळीएवढं जनावर, शिंगं न्हाईत, वरचे दोन दात ओठाबाहेर आलेले. गळ्यात तार. तार इतकी आत गेलेली की मान दोन जागी दिसत होती. पोट बेंबीपाशी फाडलेलं. मग खाली तुझं अक्षर: 'अप्पा, कस्तुरी मृग. नर.' दुसऱ्या फोटोत मादी. तिच्या पोटाला कुणी हात लावला न्हाई, कारण तिच्यात कस्तुरी नसतेच, तशीच सोडून दिलेली. तिसऱ्यात पाडस. त्याचा मागचा पाय तारेत, आन् तारेभोवतीचं बर्फ उकरून काढलेलं. पुढं तू लिहिलंस की तारेला नर-मादी कळत न्हाई, एका गाठीसाठी चार-पाच जनावरं अशी जातात, आन् त्याच तारांत मोनाल पाखरंबी अडकतात.

गिऱ्हाईक बाळहिरडा मागत होतं, मी त्याला सुंठ बांधून दिली. ते म्हणलं, 'अप्पा, बरं न्हाई का?' मी दुकान तसंच उघडं टाकून मागच्या बाजूला गेलो आन् हौदाच्या कठड्यावर बसलो. चाळीस साल मी ही गाठ विकली. लहान लेकराच्या सर्दीला, म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या घटकेला. लोक हात जोडून घेऊन गेले. आन् गळून पडते, गळून पडते म्हणून मीच प्रत्येकाला सांगितलं.

सगळ्यात वाईट तुला सांगतो. दर शिवरात्रीला मी गळ्यातलं लिंग सोडून पूजेला हातावर घेतो, तवा गंधात कस्तुरी उगाळून त्याला लावतो. गेल्या शिवरात्रीलाबी लावली. मेलेल्या जनावराच्या पोटातलं, अंबे. मठात श्रीशैल स्वामींकडं गेलो. ते पोथी वाचत होते. सगळं सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी फोटो उलटा करून ठेवला.

'महादेवप्पा, तुम्ही जाणून केलं का?' म्हणले.

'न्हाई,' म्हणलं.

'मग झालं. पाण्यानं धुवा, विभूती लावा, गुरूचं नाव घ्या. अजाणत्याला दोष न्हाई.'

धुतलं. तीनदा धुतलं. तरी वास येऊन राहिला असं वाटतं. अव्वाला फोटो दाखवले न्हाईत. ती विचारतेय काय आलं पाकिटातून, मी म्हणलं पोरीची खुशाली आली.

पोत्याचं खरं सांगतो. ते माझंच. तू फोटोत मधल्या रेघेखाली पेन्सिलीनं खूण केलीस, तिथंच मला कळल्तं. कुटायच्या मशिनीत माझ्या मधल्या बोटाचं पेर गेलं तवा तू पाळण्यात होतीस. वरच्या आन् खालच्या रेघेएवढी माझी मधली रेघ भरत न्हाई. लातुरात विभूतीवाले लई असतील, पण असं बोट एकट्याचं. पहिल्या पत्रात कामून नाकारलं ते मला विचारू नको. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहिलं का?

त्या मेंढपाळाला अजून सोडलं न्हाई म्हणतेस. त्याच्या मेंढ्या तू आन् तुझ्या गार्डानं सांभाळल्या, दोन बर्फात गेल्या. वाचून जेवण गेलं न्हाई. पण मी इथून काय करू ते सांग. कागदावर लिहून पाठवलं तर चालतंय का?

तुझा अप्पा

नांदेड, ७ फेब्रुवारी २०२५

चि. अंबिकास,

कागदावर चालत न्हाई म्हणून तुझा निरोप अव्वाच्या फोनवर आला. पोतं कुणाचं आन् इथून कुणाकडं गेलं, हे ज्याचं पोतं त्यानं समोर येऊन सांगितल्याशिवाय म्हातारा सुटत न्हाई. बरं. मी चार दिवस झाले नांदेडला येऊन बसलो. स्टेशनजवळ लॉजवर हाय.

आधी अंगदकडं गेलो. सत्तावीस साल तो आपल्याला माल देतो, तुझ्या बारशाला जेवून गेलाय. मी म्हणलं, 'अंगद, माझा बारदाना तू कुणाला दिला त्याचं नाव सांग. एक गरीब माणूस आत बसलाय.' तो चहा मागवून हसला. 'अप्पा, पहाडातला व्यापारी हाय, तो पोती खोदणाऱ्यांना वाटतो. मी नाव-गाव विचारत न्हाई, तुम्ही मला कधी विचारलं का?'

मी म्हणलं, 'तू मला गळून पडलेली म्हणून दिलीस.'

तर त्यानं ड्रॉवर उघडला आन् माझी गेल्या दिवाळीची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मी कधी तुला हे लिहिणार न्हवतो. चिठ्ठीत माझ्या अक्षरात हाय: 'कुटकी जंगलातलीच पाहिजे, वाफ्यात लावलेली नको, मूळ जाड बघून. सोबत एक नग.' नग म्हणजे काय ते तुला कळलं असेल. कस्तुरी असं आम्ही कधी लिहीत न्हाई.

'पोतं तुमचं, चिठ्ठी तुमची, आन् चोर कोण, अंगद?' असं म्हणून त्यानं कानावर हात ठेवले. तो कुठंच येणार न्हाई. आला तर मी त्याला ओळखत न्हाई म्हणेल, असंबी म्हणला. चिठ्ठी मी मागितली, त्यानं दिली न्हाई. त्याच्या दृष्टीनं बरोबरच हाय.

मग एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं बसवलं, पाणी दिलं.

'बोला आजोबा, तक्रार कुणाविरुद्ध हाय?'

'माझ्याविरुद्ध.'

त्यानं पेन खाली ठेवला. 'म्हणजे तुम्हाला कुणी त्रास देऊन राहिलं का?'

'न्हाई. मी दिला. हिमालयात एक हरण मेलं.'

त्यानं शेजारच्याला बोलावलं. दोघांनी मिळून मला विचारलं की घरचं कुणी सोबत आलंय का. लई चांगली माणसं. पण गुन्हा तिथला, तिथंच जावं लागेल म्हणले, आन् मला ऑटोत बसवून दिलं. ऑटोत मला हसू यायला लागलं आन् मग थांबेना, ऑटोवाला आरशातून बघून राहिला.

इथल्या वकिलाला भेटलो. तो म्हणला, 'अप्पा, जाऊ नका. जायचंच असेल तर पोतं माझं एवढं सांगा, म्हातारा सुटेल. कस्तुरीचं विचारलं तर आपोआप गळते असं समजत होतो म्हणा. तुमच्यासारखा माळकरी वळणाचा माणूस, कोर्ट मानेल. माहीत होतं म्हणलात तर तीन सालाच्या खाली तुम्हाला कुणी सोडवत न्हाई.' मी हाव, बरं म्हणलं.

तिकीट काढलं. अव्वाला सांगितलं, पोरीला भेटायला चाललो. तिनं पिशवीत ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी आन् माझा स्वेटर घालून दिला. वयाच्या सदुसष्टाव्या साली मी पहिल्यांदा मनमाडच्या पुढं जाऊन राहिलो. तू वरच्या चौकीवर असशील, रस्ता बर्फानं बंद हाय म्हणे. भेट झाली तर झाली.

तुझा अप्पा

तुझ्या डोंगराखालचं गाव, २२ फेब्रुवारी २०२५

अंबिका,

हे पत्र तुझा गार्ड वर घेऊन येईल. सगळं वाचल्याशिवाय ठेवू नको.

तुझा म्हातारा आज सकाळी सुटला. परवा मी इथल्या फॉरेस्टच्या मोठ्या बाईंपुढं पोतं माझं म्हणून सांगितलं. माझी दखनी हिंदी त्यांना कळेना आन् त्यांची पहाडी हिंदी मला, असं करत दोन तास गेले. अंगदचं नाव दिलं, पत्ता दिला. बाईंनी मला कागदावर बोटं ओढायला लावली आन् फोटोशेजारी धरून बघितलं, मग कुणालाच काही विचारावं लागलं न्हाई. आज म्हातारा आपलं घोंगडं आन् चाकू परत घ्यायला आला तवा मी बाकावर बसल्तो. कुणीतरी त्याला सांगितलं की हाच तो पोतंवाला. तो माझ्यासमोर उभा राहिला. दोन महिन्यांची दाढी तशीच वाढलेली. मी हात जोडले. त्यानं जोडले न्हाईत. 'अंबिका का बाप?' एवढं विचारलं आन् गेला. त्यानं मला माफ केलं असं समजू नको, मला तसं वाटलं न्हाई.

काल वेळ होता म्हणून बाईंनी मला कचेरीमागची रोपवाटिका दाखवली. काचेच्या घरात वाफे हायेत, पाटी लावलेले. माझ्या दुकानात चाळीस साल कुटकी डब्यात हाय, काळी, वाकडी, मोडल्यावर धूळ उडणारी. इथं ती बोटभर उंच, कडेला दाते असलेली हिरवी पानं, मातीला चिकटून बसलेली. बाई म्हणल्या, हे रोप चार सालाचं. मूळ काढलं की संपलं. पलीकडं जटामांसी. तिची मुळं मी केसासारखी झटकून विकतो, तिला जांभळट फूल येतं हे मला माहीतच न्हवतं. त्या एकेक नाव सांगत होत्या आन् मला सगळी नावं त्यांच्या आधी येत होती. त्यांना कौतुक वाटलं. म्हणल्या, 'आपकी बेटी आप पे गई है.' मला तिथं उभं राहवेना.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. रस्ता बंद व्हायच्या आधी तू दिलेला जबाब बाईंनी आज मला वाचून दाखवला. मला वाटल्तं तू माझ्याविरुद्ध लिहून दिलं असशील. मी त्याचीच तयारी करून आल्तो. त्यात तू लिहिलंय: 'माझे वडील आचाराने अत्यंत कडक आहेत. कस्तुरी आपोआप गळून पडते अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. ही गोष्ट त्यांनी मला लहानपणापासून सांगितली. प्राणी मारला जातो हे माहीत असते तर त्यांनी तिला हात लावला नसता, हे मी शपथेवर सांगते.' खाली तुझी सही. बाई म्हणल्या, ह्या कागदावर तुम्ही सुटाल, बेटीनं तुम्हाला वाचवलं.

मी कागद हातात घेतला आन् मला वाचताच येईना. अडीच साल माझ्याशी बोलली न्हाईस आन् माझ्यासाठी शपथ घेतलीस.

मला माहीत होतं, अंबिका.

बारा साल झाले. तू आठवीत होतीस. पावसाळ्यात अंगद माल देऊन गेला आन् मी जेवायला घरी गेल्तो, दुकानात गादीवर अव्वा बसली होती. तिनं कस्तुरीच्या पुडीचा कागद सोडला. गाठ ओली होती. कडेला कातडं, कातड्याला राठ केस, आन् बोटाएवढा मांसाचा तुकडा. मी परत गेलो तवा ती तशीच हातावर धरून बसली होती. 'हे गळून पडलंय का कापलंय?' म्हणली. मी तिला म्हणलं, तोंड बंद ठेव, बाजार ऐकेल. ती उठून घरी गेली. त्या दिवसापासून ती दुकानाची पायरी चढली न्हाई. सगळ्यांना मी सांगितलं तिचे गुडघे धरलेत. तुलाबी तेच सांगितलं.

ते कातडं मी माझ्या हातानं, सुपारीच्या अडकित्त्यानं कापून काढलं. गाठ सावलीत वाळवली आन् विकली. अंगदला म्हणलं, पुढच्या खेपेपासून साफ करून, वाळवून आणत जा. एवढंच म्हणलं. त्याच्यानंतर तो साफ करून आणायला लागला, मग मलाबी सोपं गेलं. त्याच साली तू शाळेसाठी कस्तुरी मृगावर निबंध लिहिलास. मला विचारलंस, आन् गळून पडते हे वाक्य मीच तुला सांगून लिहून घेतलं. माहीत असताना.

दुसऱ्या पत्रात लिहिलं की गेल्या शिवरात्रीला लिंगाला कस्तुरी लावली. खोटं लिहिलं. त्या पावसाळ्यानंतर मी एकदाबी लावली न्हाई. लिंगाला लावायची बंद केली, विकायची बंद केली न्हाई. वास कुठला येणार? स्वामींनी विचारलं, जाणून केलं का, त्यांनाबी न्हाई म्हणलं. फोटो बघून मी हादरलो हे मात्र खरं होतं. माहीत असणं वेगळं आन् ते पाडस बघणं वेगळं. पण त्या हादरण्याच्या आड मी अजाणता होऊन बसलो, आन् तुला तसाच दिसलो.

आज दुपारी बाईंपुढं मी दुसरा जबाब दिला. मला बारा सालापासून माहीत होतं असं लिहून दिलं, वाचून घेतलं, सही केली. बाईंनी दोन्ही जबाब शेजारी ठेवले. मग म्हणल्या, आता तुमचा आन् तुमच्या मुलीचा जबाब जुळत न्हाई, तिला बोलावून विचारतील, बापाला वाचवायला खोटं बोलली म्हणतील, तिच्या नोकरीचं बघावं लागेल. उद्या मला कोर्टात उभं करणार हायेत. वकील नको म्हणलंय.

तू खोटं बोलली न्हाईस. तू माझं ऐकलंस. पण हे तिथं सांगायला तुला आधी तुझा जबाब मागं घ्यावा लागेल. रस्ता उघडला की लगेच खाली ये आन् तेवढं कर. मला भेटली न्हाईस तरी चालेल.

मी सांगतोय म्हणून मानू नको. माझं मानून एकदा सही केलीस. तुमच्या चौकीवरच्या टेकाडावर रेंज येते म्हणतात, तिथं जा आन् अव्वाला फोन लाव. तिला विचार, अप्पाला माहीत होतं का. तिला आजवर हे कुणी विचारलंच न्हाई.

अप्पा